एबीएस असलेली गाडी की नसलेली? फरक नेमका कुठे पडतो

जुनी गाडी घ्यायला निघालं की हा पेच हमखास पडतो. एक गाडी एबीएसची (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), पण जास्त धावलेली आणि टायर झिजलेले. दुसरी कमी धावलेली, टायर नवे, पण एबीएस नाही. पहिलीचा विक्रेता सांगतो, ‘एबीएस आहे, गाडी जागच्या जागी थांबते.’ हे अर्धंच खरं आहे. एबीएसचं खरं काम गाडी लवकर थांबवणं नव्हे, तर थांबता थांबता ती वळवता येईल अशी ठेवणं.

टायरची सगळ्यात चांगली पकड चाक किंचित घसरत असताना मिळते, म्हणजे गाडीच्या वेगापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के हळू फिरत असताना. करकचून ब्रेक दाबला आणि चाक जाम झालं की ते फिरायचं थांबून नुसतं फरपटतं. मग बाजूची पकड जवळजवळ संपते. पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर सरळ जाते. मागची आधी जाम झाली तर ती गर्रकन फिरते, आणि हे जास्त वाईट.

एबीएसमध्ये चाकांचा वेग सेन्सर मोजत असतात. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा झपाट्याने मंदावलं की कंट्रोल युनिट त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडतं आणि पुन्हा वाढवतं. हे सेकंदाला पंधरा वेळांपर्यंत होऊ शकतं. निष्णात चालकाचा पायही इतका चपळ नसतो, आणि असला तरी त्याच्या पायाखाली चारही चाकांना मिळून पेडल एकच असतं. तेवढ्या एका चाकाचा दाब कमी करणं त्याला शक्यच नाही. फॉर्म्युला वनने 1994 पासून एबीएसवर बंदी घातली ती उगाच नाही; तिथे चालकाचं कौशल्य जोखायचं असतं, रस्त्यावर आपल्याला ते जोखायचं नसतं.

आता दोन्ही गाड्या वेगवेगळ्या रस्त्यांवर ठेवून बघू. कोरड्या डांबरावर, सरळ रेषेत, चालक सरावलेला असेल तर फारसा फरक पडत नाही. ओल्या रस्त्यावर एबीएसची गाडी बहुधा आधी थांबते आणि हातात राहते. सगळ्यात मोठा फरक दिसतो तो अर्धा रस्ता ओला आणि अर्धा कोरडा असताना. डावी चाकं पाण्यात आणि उजवी कोरड्यावर असताना एबीएस नसलेल्या गाडीने जोरात ब्रेक लावला की ती कोरड्या बाजूला खेचली जाऊन आडवी होऊ शकते. एबीएस असली तरी स्टिअरिंग सांभाळावं लागतं, पण सांभाळायला वेळ मिळतो.

सुटी खडी, वाळू किंवा ताजा भुसभुशीत बर्फ असेल तर मात्र चित्र उलटतं. जाम झालेलं चाक आपल्यापुढे खडीचा ढीग गोळा करतं आणि त्यालाच अडून गाडी थांबते. एबीएस चाक फिरतं ठेवतं, म्हणून ढीग साठत नाही आणि थांबायला जास्त अंतर लागतं. अशा कच्च्या रस्त्यांवरच तुमचं बहुतेक ड्रायव्हिंग असेल, तर नसलेल्या गाडीच्या बाजूने हा एक प्रामाणिक मुद्दा आहे. मला दुसरा सापडत नाही.

ताशी 100 किमी वेगात धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी 28 मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे 50 मीटर लागतात. पहिल्या 28 मीटरवर एबीएसचा काहीही ताबा नाही. 50 च्या वेगात हेच ब्रेकचं अंतर साडेबारा मीटरच्या आसपास येतं. वेग निम्म्यावर आणून जे साधतं, ते कुठलंच इलेक्ट्रॉनिक्स देत नाही.

आकडेवारीही उत्साहाला थोडा लगाम घालते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 2009 साली केलेल्या अभ्यासात एबीएसमुळे कारचे एकूण अपघात सुमारे 6 टक्क्यांनी कमी दिसले, पण जीवघेण्या अपघातांवरचा निव्वळ परिणाम जवळपास शून्य निघाला. इतर वाहनांशी टक्कर कमी झाली, पण गाडी रस्ता सोडून बाहेर जाण्याचे जीवघेणे अपघात वाढले होते. म्युनिकमधल्या टॅक्सींच्या जुन्या अभ्यासातही एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी निघाले नाहीत. त्यांचे चालक जास्त बेदरकारपणे चालवताना दिसले. म्हणून बजेटमध्ये बसत असेल तर शोध एबीएसवर थांबवू नका, ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) असलेली गाडी बघा. ईएससी एबीएसच्याच सेन्सर आणि व्हॉल्व्हवर उभं राहतं, पण गाडी भरकटायला लागली की एकेका चाकाला स्वतःहून ब्रेक लावून तिला मार्गावर आणतं. एकट्या गाडीचे जीवघेणे अपघात कमी करण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

दोन्ही गाड्यांत ब्रेक दाबायची पद्धत वेगळी लागते. एबीएस नसेल तर चाक जाम होताच पेडल थोडं सोडून पुन्हा दाबावं लागतं. असेल तर पूर्ण जोराने दाबून धरायचं आणि नजर जायचं आहे तिकडे ठेवायची. त्या वेळी पेडल थरथरतं, खडखडाट होतो; बरेच जण घाबरून पाय उचलतात, तिथेच सगळा फायदा जातो.

मग त्या दोन गाड्यांपैकी कुठली? माझं मत एबीएसच्या बाजूने. झिजलेले टायर बदलता येतात. एबीएस मागाहून बसवणं व्यवहारात जमत नाही. मात्र टायरचा खर्च आधीच किमतीत धरा, कारण गुळगुळीत टायरवर एबीएस पकड निर्माण करू शकत नाही. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. विझलाच नाही तर साधे ब्रेक बहुधा चालतील, पण एबीएस बंद आहे असं धरा. सोबत लाल ब्रेकचा दिवाही लागलेला असेल तर ती गाडी चालवून बघायलाही नेऊ नका. सगळं ठीक असेल तर मोकळ्या, रिकाम्या ओल्या जागेत ताशी 30 च्या वेगाने एकदा जोरात ब्रेक दाबून धरा. पेडल पायाखाली थरथरलं आणि गाडी स्टिअरिंगला साथ देत थांबली, तर सौद्याचं बोलायला हरकत नाही.