थंडरबर्ड ३५० ची पॉवर वाढवायला गेलो होतो, आठ हजारांच्या आत काय काय झालं ते सांगतो

माझी रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ३५० आहे, २०१४ ची, ट्विनस्पार्क, कार्ब्युरेटरवाली, मीटरवर ४६ हजार. गेलं वर्षभर गाडी चढाला दम टाकायला लागली होती. साताऱ्याला आमचं जाणं-येणं असतं, खंबाटकीला डबलसीट असलो की तिसऱ्यावरून दुसरा टाकायचा आणि मागे टेम्पोवाला हॉर्न देतोय, असं प्रत्येक वेळी. हिच्या जागी कंपनीने आणलेली नवीन मीटिअर घ्यायचं बजेट नाही आणि खरं सांगायचं तर ही गाडी मला विकायचीच नाहीये.

तर आधी जी चूक झाली ती सांगतो, कारण नव्वद टक्के पोरं तिथूनच सुरुवात करतात. नाना पेठेतल्या एका दुकानातून २,८०० चा फ्री फ्लो सायलेन्सर बसवून घेतला. दुकानदार म्हणाला तीन-चार बीएचपी सरळ वाढणार. आता या इंजिनची कंपनीने दिलेली पॉवरच १९.८ बीएचपी आहे, म्हणजे नुसती नळी बदलून पंधरा-वीस टक्के वाढ, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. आवाज दणदणीत आला, पण पॉवर उलट कमी वाटायला लागली, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके, आणि महिनाभरात पुढचा बेंड पाईप निळा पडला. एक्झॉस्ट मोकळा केला पण जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) तेच ठेवले की मिक्श्चर लीन होतं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, इंजिन तापतं. परत न्यायला गेलो तर दुकानात कुणी ओळखच दाखवेना. वर पोलिसांची टांगती तलवार वेगळीच, पुण्यात असले सायलेन्सर जप्त करून रोड रोलरखाली घातलेत.

मग एका मित्राने सिंहगड रोडच्या आतल्या गल्लीतलं गॅरेज सांगितलं. नाव टाकत नाही कारण गॅरेजवाल्या काकांनीच नको सांगितलंय, एकटे काम करतात आणि दिवसाला दोनच गाड्या घेतात. पण काम कसं केलं ते लिहितो, तुमच्या मेकॅनिककडून तसंच करून घ्या.

मी म्हटलं काका पॉवर वाढवायचीये, बजेट आठ हजार. ते काही बोललेच नाहीत, गाडी डबल स्टँडला लावली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. अर्धा फेरा झाला आणि चाक थांबलं. "ब्रेकच धरून बसलाय दादा, इंजिन काय करणार." मागच्या डिस्कच्या कॅलिपरचा पिस्टन जाम होता, म्हणजे कित्येक महिने मी ब्रेक दाबूनच गाडी चालवत होतो! नंतर स्वतः एक चक्कर मारून आले, चौथ्या गिअरला एकदम थ्रॉटल दिला तर आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, क्लच प्लेटी गेलेल्या. मग कॉम्प्रेशन चेक केलं, ते ठीक निघालं, म्हणजे पिस्टन-रिंगचा खर्च वाचला.

खरी गंमत कार्ब्युरेटरमध्ये होती. यात व्हॅक्यूमवर उचलला जाणारा स्लाईड असतो आणि त्याला पातळ रबरी पडदा. काकांनी तो पडदा काढून ट्यूबलाईटसमोर धरला आणि मला जवळ बोलावलं, कडेला घडीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्यातून उजेड दिसत होता. त्या भोकामुळे स्लाईड पूर्ण वर उचललाच जात नव्हता, म्हणजे मी थ्रॉटल कितीही पिळला तरी इंजिनला निम्मीच हवा. हे बघून मला खरंच वाईट वाटलं, एवढी वर्षं दर सर्व्हिसला "कार्ब क्लीनिंग"चे पैसे दिलेत पण तो पडदा कुणी उजेडात धरला नाही. ट्विनस्पार्कला प्लग दोन असतात, त्यातला एक तर बहुतेक कंपनीतून आल्यापासून कुणी उघडलेलाच नव्हता, काळा कोळसा झालेला. आधी एका ठिकाणी माझ्याकडून टॅपेट सेटिंगचे (व्हॉल्व्हची फट जुळवण्याचे) पण पैसे घेतलेले, काका म्हणाले या इंजिनात ऑइलवर आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत, सेटिंग करायला काही नसतंच. तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

ओरिजिनल सायलेन्सर परत चढवला, एअर फिल्टर नवीन कंपनीचाच. चेन-स्प्रॉकेट तसंही संपलेलं, तेव्हा त्यांनी विचारलं हायवे जास्त की घाट? मी म्हटलं घाट आणि सिटी. मग पुढचं स्प्रॉकेट एक दात कमीचं टाकलं. याने इंजिनची पॉवर वाढत नाही, चाकाकडे जाणारा जोर पाच-सहा टक्क्यांनी वाढतो, पण चढाला तोच तर लागतो. सिलिंडर ७० मिमी रुंद आणि पिस्टनची धाव ९० मिमी, असं लाँग स्ट्रोक इंजिन आहे, २८ एनएम टॉर्क ४००० आरपीएमलाच मिळतो, याला रेव्ह करून पळवण्यात अर्थ नाही. बदल्यात नव्वदच्या पुढे व्हायब्रेशन जास्त जाणवतं, फूटरेस्टवर पाय झिणझिणतात. रोज हायवे मारणाऱ्याने हे करू नका.

एकूण बिल ७,८५०. त्यात चेन-स्प्रॉकेट आणि क्लच प्लेटीच निम्मे, पडदा स्लाईडसकट १,४००, मजुरी फक्त १,५००. बोअर किटचं (मोठा पिस्टन-सिलिंडर टाकून सीसी वाढवायचं) पण विचारलं होतं, काका सरळ नाही म्हणाले, आरसीवर ३४६ सीसी लिहिलंय तेवढंच राहू दे.

तक्रार दोनच. दोन दिवस सांगून पाच दिवस लावले, फोन उचलत नाहीत. आणि छापील बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर हिशोब, पण जुने पार्ट सगळे पिशवीत घालून हातात दिले.

मागच्या रविवारी बायकोला घेऊन साताऱ्याला गेलो, सॅडलबॅग भरलेल्या. खंबाटकी पूर्ण तिसऱ्यात चढली, पन्नासच्या खाली काटा आला नाही आणि एका वळणानंतर मीच टेम्पोला ओव्हरटेक केलं. ॲव्हरेज पण २९ वरून ३४ वर आलंय. काका म्हणालेत हजार किलोमीटर झाले की प्लग उघडून रंग बघू, चहासारखा तपकिरी आला तर जेटला हात लावायचा नाही. आत्ता ७२० झालेत.