मोडाफिनिल, आठ महिने: डोळे उघडे राहिले, बाकीचं उन्हाने ठरवलं

मोडाफिनिल या जागं ठेवणाऱ्या गोळीबद्दल हे जानेवारीत लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. मे महिन्यात लिहिलं असतं तर जेमतेम दीड. आता जुलै संपत आलाय, चार पाऊस पडून गेलेत, डोकं जरा ठिकाणावर आहे, म्हणून आत्ता लिहायला बसले.

मी ४१ वर्षांची. एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराचं, निदान होऊन सहा वर्षं झाली. सुरुवात उजव्या डोळ्यापासून झाली होती. त्या डोळ्याला कुंकू विटलेल्या विटेसारखं दिसायचं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. मूळ आजारासाठी डायमिथिल फ्युमरेटच्या कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ चालू आहेत. त्या सुरू झाल्यापासून एमएसचा नवा अटॅक आलेला नाही, पण थकव्यावर त्यांचा काही उपयोग नाही, आणि होईल असं डॉक्टर कधी म्हणालेही नव्हते.

या थकव्याबद्दल बोललं की समोरचा म्हणतो, "आम्हीपण थकतो की!" ज्यांनी सोलापुरी चादर घरी धुतली आहे त्यांना सांगते. कोरडी असते तेव्हा काखेत मारून नेता येते. भिजली की दोघींनी दोन टोकं धरूनही उचलत नाही. सकाळी नऊला मी कोरडी असते, साडेबाराला भिजलेली. काही काम केलं असो वा नसो. त्यात गेल्या वर्षी दुपारी झोपेची भर पडली. लेजर समोर उघडं आणि मान खाली. एकदा मालक केबिनच्या दारात उभे होते आणि मला पत्ताच नव्हता.

गोळी लगेच मिळाली नाही, आणि ते बरंच झालं. डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासलं. बी-१२ तळाला गेलेलं, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. इंजेक्शनं घेतली. मग विचारलं, रात्री किती वेळा उठता? चार. एमएसमध्ये लघवीची घाई होते, ती रात्रीही होते. शिवाय आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड, तेही कधी रात्री दोनला. मोटर लावायची, टाकी, पिंप, हंडे भरायचे. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. लघवीच्या घाईवर औषध दिलं, पाण्याच्या रात्री नवरा आणि मुलगा उठतील असं ठरलं. एवढं करूनही दुपारची पेंग गेली नाही, तेव्हा दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या अखेरीस मोडाफिनिल लिहून दिली. १०० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर, एकदाच.

तेव्हाच त्यांनी दोन गोष्टी साफ सांगितल्या. हे औषध फ्रान्समध्ये शोधलं गेलं आणि अमेरिकेत १९९८ साली त्याला परवानगी मिळाली ती नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे बसल्याजागी झोप कोसळते त्या आजारासाठी. एमएसच्या थकव्यासाठी तशी परवानगी नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. आणि दुसरं, "मॅडम, ही गोळी जागं ठेवते. ताकद देत नाही." हे वाक्य मी मान हलवून ऐकलं आणि पुढचे पाच महिने विसरून गेले.

पहिले तीन दिवस डोकं दुखलं. पाणी वाढवलं, सकाळचे तीन चहा एकावर आणले, तसं थांबलं. (गोळी आणि चहा दोन्ही जोरात घेतलं की छातीत धडधडतं, करून पाहिलंय.) चौथ्या-पाचव्या दिवसापासून दुपार माझी झाली. किक बसते, उत्साह येतो वगैरे काही नाही. फक्त दोन वाजता लक्षात येतं की अरे, आज मान खाली गेली नाही. डिसेंबरची जीएसटी रिटर्न मी एकही चूक न करता भरली. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर गेले, नंदीध्वजांची मिरवणूक उभं राहून पाहिली, भाग्यश्री बांगड्यांपासून पाळण्यांपर्यंत सगळं हिंडले. तीन वर्षांनी. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सिद्धरामेश्वरच पावला बघ गोळीच्या रूपाने." मलाही तसंच वाटत होतं.

थकवा मोजायला २१ प्रश्नांचा तक्ता असतो, ८४ पैकी गुण, जास्त गुण म्हणजे जास्त थकवा. नोव्हेंबरात माझे ६१ होते, जानेवारीच्या मध्यावर ४३. मी तो कागद डॉक्टरांपुढे पेढ्यासारखा ठेवला. त्यांनी पाहिला आणि म्हणाले, आता आठवडाभर बंद करून बघा. मला रागच आला. पण केलं. त्या आठवड्याचे गुण ४९. म्हणजे अठराची जी घट झाली होती तिच्यातली बाराची घट गोळी नसतानाही जागेवरच होती! बी-१२ची, रात्रीच्या सलग झोपेची आणि मुख्य म्हणजे थंडीची. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं. चार खात्यांची जमा मी एकाच नावावर टाकून मोकळी झाले होते.

तेव्हा त्यांनी २०२१ सालच्या एका अमेरिकन चाचणीबद्दल सांगितलं. एमएसच्या १४१ रुग्णांना अमँटाडिन, मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट आणि नुसती बिनऔषधाची गोळी, अशा चारही गोष्टी आळीपाळीने, सहा-सहा आठवड्यांपर्यंत दिल्या. थकव्याच्या याच तक्त्यावर तिन्ही औषधं बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. त्रास मात्र जास्त झाला. गंमत म्हणजे बिनऔषधाच्या गोळीवरही लोकांचे गुण दहाएकनं उतरले होते. मी विचारलं, मग मला कशाला देता? ते म्हणाले, तुम्हाला थकव्याबरोबर पेंगही येते, त्या पेंगेसाठी. ती थांबली ना? थांबली होती. बंद ठेवलेल्या आठवड्यात मी दोनदा कीबोर्डवर पेंगले होते.

आणि मग मार्च संपला. इथून पुढचा भाग मला मुख्यतः सांगायचाय.

एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण जागोजागी गेलेलं असतं. अशा तंतूतून संदेश कसाबसा जातो, आणि अंगाचं तापमान अर्धा अंश जरी चढलं तरी अडखळतो. अंग गार झालं की पुन्हा सुरळीत. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला उथॉफची घटना म्हणतात. एमआरआय नव्हता त्या काळी रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून एमएस आहे का ते पाहत असत. आम्हाला टबाची गरज नाही, आम्ही सोलापुरात राहतो. एप्रिलमध्ये ४२, मे महिन्यात ४३-४४. कारखान्याचं पत्र्याचं शेड.

पूर्वी उन्हाळ्यात काय व्हायचं, तर दीड वाजता डोळे मिटायला लागायचे आणि मी शिलाई खात्याच्या मागच्या खोलीत अर्धा तास आडवी व्हायचे. तिथल्या बायका म्हणायच्या, "अक्का, पड जरा." यंदा डोळे मिटलेच नाहीत. गोळी चोख काम करत होती. झोप नाही म्हणजे थकवा नाही, असं धरून मी चार-चार वाजेपर्यंत बसून राहायला लागले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बिलांची फाइल घेऊन जिना उतरताना डावा पाय होता तिथेच राहिला. मी चार पायऱ्या खाली. डोकं एकदम लख्ख, मी कुठली पायरी मोजली तेही आठवतंय, आणि पाय कुणा दुसऱ्याचा. गुडघा सोलवटला, मनगट सुजलं, एवढ्यावर निभावलं. पंख्याखाली ओला टॉवेल गुंडाळून बसवलं, तासाभरात पाय परत आला. नवा अटॅक नव्हता, उष्णतेचाच प्रताप.

गोळीबद्दल माझी मोठी तक्रार हीच. झोप हा माझा भोंगा होता. मिलचा भोंगा वाजला की पाळी संपली, तसं. गोळीने भोंगा बंद केला, पाळी मात्र तेवढीच राहिली. मे महिन्यातले गुण ५८ आले, गोळी रोज घेऊन.

यानंतर मीच एक मूर्खपणा केला. १०० चं काम होत नाही म्हणून डॉक्टरांना न विचारता दोन दिवस २०० घेतली. जबडा आवळलेला, हात थरथरणारे, नवऱ्यावर आणि पोरावर खेकसणं, आणि थकवा इंचभरही हलला नाही. आणखी एकदा सकाळची गोळी विसरले आणि साडेअकराला घेतली. हे औषध अंगातून निम्मं उतरायलाच १२ ते १५ तास घेतं. त्या रात्री अडीचला मी एकटीच टक्क जागी होते, आणि त्या दिवशी नळालाही पाणी नव्हतं. असतं तर निदान हंडे तरी भरले असते.

भूक मरते, हे कुणी पुरेसं सांगत नाही. जेवणाची आठवणच येत नाही. सासूबाईंच्या लक्षात आलं, "अगं, भाकरी तशीच परत आलीय की. शेंगाचटणीलासुद्धा हात लावला नाहीस?" तीन किलो वजन गेलं. आता एकचा गजर लावून जेवते. तोंड कोरडं पडतं, पाण्याची बाटली जवळ लागते. रक्तदाब दर महिन्याला तपासते.

बायकांसाठी महत्त्वाचं: मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो, आणि मोडाफिनिल बंद केल्यावरही महिनाभर तसंच राहतं. दिवस गेलेले असताना हे औषध घ्यायचं नाही, बाळात दोष राहण्याचा धोका असतो. मी आधीच तांबी बसवून घेतली. डॉक्टर विचारायला संकोचत असतील तर तुम्हीच विषय काढा. आणि अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. क्वचित होतं, पण गंभीर असतं.

एक गंमत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा पुतण्या हळूच विचारत होता, "काकू, एक पट्टी द्या ना, रात्रभर अभ्यास होतो म्हणे." त्याला माझा सोललेला गुडघा दाखवला. तरी तो जरा विचार करत होता, म्हणून पट्टी आता कुलपात.

सध्या डॉक्टरांशी बोलून असं चालू आहे: गोळी रोज नाही. महिन्यातले दहा-बारा दिवस, जीएसटीच्या तारखांच्या आसपास आणि प्रवास असेल तेव्हा. सकाळी आठच्या आत, नाहीतर त्या दिवशी नाहीच. रविवारी कधीच नाही. गोळीच्या दिवशी दीड वाजता झोप येवो न येवो, मागच्या खोलीत अर्धा तास आडवी होतेच, गजर लावून. दुपारी तीनला जो खरा उपयोग होतो तो आमच्याच कारखान्यातल्या नॅपकिनचा: माठाच्या पाण्यात बुडवून, पिळून, मानेभोवती. वीस मिनिटं टिकतो, मग परत बुडवायचा. मालकांकडून टेबलाशेजारी कूलर मागून घेतला, मागायला सहा वर्षं लागली.

या महिन्याचे गुण ५०. पाचपैकी तीन देते. दोन पेंग थांबवल्याबद्दल, एक हिशेब चुकत नाहीत म्हणून. दोन कापले ते जिन्याचे.

या महिन्यातही वीस तारखेची रिटर्न भरून झाल्यावर सलग तीन दिवस गोळीविना गेले, त्यातल्या दोन दुपारी मी झोपले आणि एका दुपारी झोप आली नाही. ते वहीत लिहून ठेवलंय, पुढच्या तपासणीला दाखवायला.