बिल नव्या इंजिन माउंटिंगचं, गाडीत मात्र जुनीच

वॉरंटी संपलेली जर्मन गाडी बाळगणारे नाशिकमध्ये आता बरेच आहेत. कंपनीच्या वर्कशॉपचा खर्च झेपत नाही, म्हणून गाडी 'प्रीमियम गाड्यांचे स्पेशालिस्ट' अशी पाटी लावलेल्या ठिकाणी जाते. तशाच एका वर्कशॉपने मला लुबाडलं. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे नाव देत नाही. पण त्यांची पद्धत सगळ्यांना कळलीच पाहिजे.

माझी तक्रार साधी होती. शहरात गाडी लोण्यासारखी चालायची. मुंबई-आग्रा हायवेवर 80 ओलांडले की स्टिअरिंग थरथरायचं, 100 च्या आसपास सीटसुद्धा. ब्रेक दाबल्यावर फरक पडत नव्हता. सिग्नलला उभी असताना तर काहीच जाणवायचं नाही.

इथेच सगळी मेख आहे. इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनाला धरून त्याचा हादरा शोषणारा रबरी आधार, गेलं की हादरा मुख्यतः गाडी उभी असताना, ऑटोमॅटिक गिअर 'डी' (ड्राइव्ह) मध्ये आणि पाय ब्रेकवर असताना जाणवतो. ब्रेकची डिस्क वाकडी असेल तर ब्रेक लावताना स्टिअरिंग हलतं. पिकअप घेताना थरथर वाढली तर ड्राइव्ह शाफ्टचे (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचे) जॉइंट तपासतात. पण ठरावीक वेगालाच येणारं, गिअर बदलून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वर-खाली केला तरी तसंच राहणारं व्हायब्रेशन बहुतेक वेळा चाकांचं असतं. मी ही सगळी लक्षणं जॉब कार्डवर (गाडी घेताना वर्कशॉप तक्रारी लिहून घेतं तो कागद) लिहून घ्यायला लावली होती.

तरीही सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "साहेब, या गाड्यांना माउंटिंगचाच त्रास." आधी माउंटिंग बदलल्याचं बिल झालं, मग कंट्रोल आर्मचं (चाक गाडीला जोडणारा सस्पेन्शनचा दांडा). दरवेळी सोबत व्हील बॅलन्सिंग (चाकाला छोटी वजनं लावून समतोल साधणं) व्हायचं, त्यामुळे थरथर थोडी कमी वाटायची आणि काही दिवसांत पुन्हा सुरू. जुने पार्ट मागितले की "स्क्रॅपवाला घेऊन गेला" हे उत्तर ठरलेलं. बिलं लाखाच्या वर गेल्यावर गिअरबॉक्स उघडायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी गाडी बाहेर काढली.

सातपूरच्या एका टायरवाल्या काकांनी चाक मशीनवर फिरवलं आणि म्हणाले, "दादा, बाहेरून नका बघू, आतली कड बघा." रिम आतून वाकली होती, खड्ड्याचा मार. शेजारी चिकटवलेल्या वजनांची रांगच होती. वाकड्या रिमला वजनं लावून मशीनवर शून्य आणता येतं, पण चाक गोल फिरत नाही. नवी रिम टाकली आणि कसाऱ्यापर्यंत गाडी नेऊन आणली. स्टिअरिंग एकदम स्थिर.

खरा संताप पुढे आला. दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर घेऊन खालून पाहिलं, तर माउंटिंगवर जुन्या तेल-धुळीचा थर होता आणि रबरावर उठवलेलं वर्ष गाडी बनली तेच. बिलावर मात्र 'नवीन, 2 नग'. तिथेच फोटो काढले आणि त्या गॅरेजकडून तपासणीचा लेखी अहवाल घेतला.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. वकील सक्तीचा नाही. मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची असते, म्हणून जॉब कार्ड आणि बिलं कपाटात पडून राहू देऊ नका. जॉब कार्डवर सही करतानाच 'जुने पार्ट परत द्यावेत' असं लिहून घ्या.

नोटीस गेल्यावर वर्कशॉपकडून फोन आला, तक्रार मागे घेतली तर पुढची सर्व्हिस फुकट. मी लेखी नकार कळवला आहे. न बसवलेल्या पार्टचे पैसे मला व्याजासह परत हवे आहेत.