ट्रोकार स्टीलचे घ्यावेत का डिस्पोजेबल, आणि पहिला पोर्ट सुईनं का उघडून

पावसाळ्यापासून चार जणांनी मला हेच विचारलंय. ट्रोकार म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटाच्या भिंतीत भोक पाडून कॅमेरा आणि अवजारं आत घालायची टोकदार दांडीची नळी, आणि पोर्ट म्हणजे त्या नळीची जागा. दोघं सर्जन, एक गायनिकच्या मॅडम आणि एक माझ्यासारखाच ओटी टेक्निशियन, ज्याच्या हॉस्पिटलात नवीन दुर्बिणीचा सेट घ्यायलेत. कॅमेरा, लाइट सोर्स, इन्सफ्लेटर (पोटात गॅस भरायचं यंत्र) यांची कोटेशनं लोक आठ-आठ दिवस चाळत बसतात आणि ट्रोकार मात्र सेटसोबत जे येतील ते. आता बघा, पोटात सगळ्यात आधी जातं ते हेच, आणि तेही कॅमेरा आत जायच्या आधी, न बघता. दुर्बिणीच्या ऑपरेशनमधल्या मोठ्या इजांपैकी साधारण निम्म्या या पहिल्या शिरण्याच्या वेळेलाच होतात. मग त्याला सेटमधली फुकटची वस्तू समजून कसं चालेल.

मी लातूरचा. १६ वर्षं झाली, सेट गाडीत टाकून सरांसोबत औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, कधी अंबाजोगाई, कधी परळी. ऑपरेशन सर करतात, मी ट्रॉली लावतो आणि केस झाली की सगळं खोलून धुतो. म्हणून माझं सांगणं धुणाऱ्याच्या बाजूचं आहे. कोणत्या रुग्णाला कसं शिरायचं हे शेवटी ज्याच्या हातात ब्लेड आहे त्यानंच ठरवायचं, पण काय विकत घ्यायचं यात मला बोलायचा हक्क आहे असं वाटतं.

आधी स्टील विरुद्ध डिस्पोजेबल.

हिशोब सोपा आहे. पित्ताशयाला १० मिलिमीटरचे दोन आणि ५ चे दोन पोर्ट लागतात, अपेंडिक्सला साधारण १० चा एक आणि ५ चे दोन. महिन्याला १५ पित्ताशयं धरली तर ६० पोर्ट. डिस्पोजेबल म्हणजे ६० नवी पाकिटं दर महिन्याला, आणि महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये काम करणाऱ्या तालुक्याच्या हॉस्पिटलनं हा खर्च कुठून काढायचा. स्टीलचा सेट नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं जातो, फक्त वॉशर, व्हॉल्व्ह आणि टोक याकडं बघत राहावं लागतं. पैशाच्या बाजूनं स्टील, यात मला तरी शंका नाही.

पण डिस्पोजेबल चांगला नाही असं नाही हं. हलका असतो, त्याच्या नळीवर आटे असतात त्यामुळं पोटाची भिंत पातळ असली तरी निसटून बाहेर येत नाही, १० मधून ५ चं इन्स्ट्रुमेंट घालायला वेगळा रिड्युसर (तोंड बारीक करायचं टोपण) लागत नाही, आणि टोक दर वेळेला नवं. स्टीलचा १० चा ट्रोकार वजनानं जड, बारीक बाईच्या पोटातून इन्स्ट्रुमेंट काढताना सगळी नळीच हातात येते, गॅस फुस्स, मग परत घाला. हे मी शेकडो वेळा बघितलंय. त्यावर टाका घेऊन नळी अडकवून ठेवणं हा साधा उपाय, पण घाईत कुणी करत नाही.

खरी गडबड तिसऱ्याच प्रकारात आहे. डिस्पोजेबल विकत घ्यायचा आणि तोच सायडेक्समध्ये, म्हणजे जंतू मारायच्या द्रावणात, बुडवून १०-१५ वेळा वापरायचा. हे सर्रास चालू आहे, सगळ्यांना माहीत आहे. पाकिटावर एकदाच वापरा असं छापलेलं असतं ते उगाच नाही. त्याचा वरचा सील खोलता येत नाही, आत रक्ताचे, चरबीचे बारीक कण अडकून बसतात, ब्रश पोचत नाही, आणि जिथं ब्रश पोचत नाही तिथं औषधही पोचत नाही. प्लास्टिकला बारीक तडे जातात, सील सैल पडतो, ब्लेडवाला असेल तर बोथट होतो आणि त्याचं कव्हर वेळेवर पुढं येत नाही. जर तुम्ही आधीच ठरवून बसला असाल की परत परत वापरणारच, तर कृपा करून स्टीलचाच घ्या. तो त्यासाठीच बनवलाय, सगळा खोलतो, १२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह होतो. प्लास्टिकवाला ऑटोक्लेव्हमध्ये वितळतो, म्हणून तर लोक त्याला बुडवून काम भागवतात.

यावर मी एवढं बोलतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलात पित्ताशयाच्या एका बाईची बेंबीची जखम पाचव्या आठवड्यात परत उघडली. पहिले टाके मस्त भरलेले, बाई शेतात जायला लागलेली, आणि मग एक गाठ, त्यातून पाणी. अँटिबायोटिक दिलं, थांबलं, परत आलं. मग त्याच महिन्यातले अजून दोघं आले. तपासणीत निघाले पाण्यामातीत राहणारे जंतू, टीबीच्या जातकुळीतले पण टीबी नव्हे, आणि साध्या औषधाला दाद देत नाहीत. त्या बाईनं कित्येक महिने गोळ्या खाल्ल्या, एकदा परत टेबलवर घेऊन जखम कोरावी लागली. कारण काय निघालं तर सामान सायडेक्समधून २० मिनिटांनी काढायचं आणि उकळलेल्या नळाच्या पाण्यात खळबळून थेट ट्रॉलीवर. २० मिनिटांत बरेचसे जंतू मरतात, बीजाणू मरत नाहीत, त्याला ८ ते १० तास लागतात. आणि ते खळबळायचं पाणी तर अजूनच वाईट, कारण हे जंतू पाण्यातच राहतात. मी तिथला कायमचा माणूस नव्हतो, पण त्या महिन्यात दोनदा त्याच ट्रॉलीवर मी उभा होतो. त्या बाईचा नवरा दर वेळेला एकच विचारायचा, बिनटाक्याचं म्हणले होते ना. त्याला काय उत्तर द्यावं हे मला आजही कळत नाही.

आपल्याकडच्या पाण्याचा अजून एक त्रास. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे सगळ्या देशाला माहीत आहे, पण ज्याला टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यात सामान धुवायचंय त्याला विचारा. त्या पाण्याचा पांढरा खार स्टीलच्या स्टॉपकॉकमध्ये (गॅसच्या तोटीत), व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमध्ये बसतो, सहा महिन्यांत दांडा फिरत नाही, मग कुणीतरी पक्कड लावतो आणि वस्तू गेली. शेवटचं खळबळणं आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यानं, आणि लगेच हवेच्या पिचकारीनं नळी कोरडी करणं, एवढं केलं तरी स्टीलचं आयुष्य दुप्पट होतं असा माझा अनुभव आहे. म्हणून स्टीलचा घेताना माझा पहिला प्रश्न असतो की व्हॉल्व्ह हातानं, अवजाराशिवाय पूर्ण खोलता येतो का, आणि वॉशर लातूर-नांदेडला मिळतात का मुंबईहून मागवावे लागतात. वॉशर फाटला की गॅस गळतो, आणि तालुक्याला गॅसचं सिलिंडर संपलं की दुसरं येईपर्यंत सगळे हात बांधून उभे. ट्रम्पेट व्हॉल्व्ह म्हणजे बोटानं दाबायचा, तो टेलिस्कोपची काच आणि इन्स्ट्रुमेंटचं आवरण खरवडतो, त्यापेक्षा आपोआप उघडणारी झडप बरी.

एक गोष्ट विक्रेता सांगत नाही म्हणून सांगतो. स्टीलची नळी आणि तिला धरून ठेवायला बाहेरून प्लास्टिकची पकड, असं मिश्रण घेऊ नका. कॉटरी, म्हणजे विजेनं कापायचं-जाळायचं अवजार, चालू असताना नळीत वीज जमते, सगळी नळी स्टीलची असेल तर ती पोटाच्या भिंतीतून पसरून जाते, प्लास्टिकच्या पकडीनं ती वाट बंद होते आणि मग आतड्याला चटका, तोही कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या जागी. एक तर पूर्ण स्टील घ्या नाहीतर पूर्ण प्लास्टिक.

टोकाचं थोडक्यात. तीन धारांचं पिरॅमिडसारखं टोक कापत जातं, जोर कमी लागतो, पण भिंतीतली रक्तवाहिनी सापडली तर तीही कापतं आणि भोक मोठं राहतं. शंकूसारखं टोक तंतू बाजूला सारतं, भोक लहान राहतं, रक्त कमी, पण जोर जास्त लागतो आणि जोर म्हटलं की एकदम आत घुसायची भीती. माझ्या मते १० चा पहिला पोर्ट सोडून बाकी सगळे शंकूवाले ठेवावेत, कारण ते कॅमेऱ्याखाली बघत घालता येतात. धारवाला ठेवला तर वर्षातून एकदा तरी धार लावून घ्या. बोथट धारवाला सगळ्यात धोक्याचा, कारण सर जोर वाढवत जातात आणि तो मग अचानक सुटतो. आणि कव्हरवाला म्हणजे सेफ्टीवाला आहे या भरवशावर कुणी राहू नये, अमेरिकेच्या एफडीएनं १९९६ मध्येच कंपन्यांना असा दावा काढून टाकायला सांगितलं होतं. १० किंवा त्यावरचं भोक असेल तर आतला फेशियाचा थर, म्हणजे चरबीखालचा चिवट पडदा, शिवायचाच, त्यात टोक कोणतंही असो.

आता पहिला पोर्ट.

सुईनं शिरायचं म्हणजे आधी व्हेरेसच्या सुईनं पोटात गॅस भरायचा आणि मग न बघता पहिला ट्रोकार घालायचा. ही सुई ओटीत सगळ्यांच्या ओळखीची. हंगेरीच्या यानोश व्हेरेस नावाच्या डॉक्टरनं ती १९३० च्या दशकात टीबीच्या रुग्णांच्या छातीत हवा भरायला बनवली, पोटासाठी नव्हे. आत स्प्रिंगवर बोथट दांडी, भिंत ओलांडली की टक् करून पुढं येते. स्वस्त, भोक जेमतेम २ मिलिमीटर, पटकन होतं. सुईचा स्प्रिंग मात्र प्रत्येक केसच्या आधी बोटावर दाबून बघायचा, खार बसून अडकलेला स्प्रिंग मी स्वतः तीन वेळा पकडलाय. मग सलाइनचा थेंब, सिरिंजनं ओढून बघणं, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे गॅस सुरू केल्यावरचं प्रेशर. मिनिटाला १ लिटरच्या स्पीडला ८-१० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली दाखवत असेल तर ठीक, सुरुवातीलाच १५-२० दाखवलं तर सुई भिंतीतच आहे. तेव्हा मी सरांना आकडा मोठ्यानं सांगतो, त्यांनी विचारायची वाट बघत नाही. टेबल या वेळेला सपाट असावं, डोकं खाली केलेलं नसावं, आणि राइल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) टाकून जठर रिकामं केलेलं असावं, मूत्राशयही रिकामं असावं.

उघडून शिरणं ही शिकागोच्या हॅरिथ हॅसन या गायनिकच्या डॉक्टरांची पद्धत, १९७१ ची. बेंबीजवळ दीड-दोन सेंटीमीटर कापायचं, फेशिया कोचरनं (दातेरी चिमट्यानं) उचलून डोळ्यांनी बघत उघडायचा, बोट फिरवायचं आणि बोथट ट्रोकार घालायचा. वेळ थोडा जास्त, जाड माणसात खड्डा खोल जातो, आणि बाजूनं गॅस गळतो म्हणून स्टे सुचर (धरून ठेवायचे टाके) लावून शंकू घट्ट बसवावा लागतो. पण सामान काय लागतं, दोन लहान लँगनबेक (जखम उघडी धरायचे हुक), दोन कोचर आणि एक बोथट ट्रोकार. आत्तापर्यंतच्या अभ्यासांत मोठ्या रक्तवाहिनीच्या किंवा आतड्याच्या इजेत दोन्हीपैकी एक पद्धत ठामपणे वरचढ ठरलेली नाही. पण शिरायचा प्रयत्न फसणं उघड्या पद्धतीत कमी, हे दिसलंय.

आपल्या भागात मला उघडी पद्धत जास्त पटते, आणि त्याचं कारण आपली माणसं. ऊसतोडीला जाणारी बाई टेबलवर येते तेव्हा इतकी बारीक असते की बेंबीपासून मणका बोटभर अंतरावर, आणि महाधमनी दुभंगते तीही साधारण त्याच पातळीला. तिथं सुई असो की ट्रोकार, थोडा जास्त जोर झाला की थेट तिथं. दुसरं म्हणजे आधीचे व्रण. आपल्याकडं कमी वयात पिशवी काढलेल्या बाया किती आहेत हे बीड जिल्ह्यावरून २०१९ ला सगळ्यांनी वाचलं. त्यातल्या कुणाला दहा वर्षांनी पित्ताशयाचे खडे झाले की तिच्या पोटात बेंबीखाली आतडं चिकटलेलं असू शकतं, हे धरूनच चालायचं. मधल्या रेषेत व्रण असेल तर बेंबीचा हट्टच सोडावा, डाव्या फासळ्यांखाली तीन सेंटीमीटरवर पामरच्या जागी सुई घालून तिथून ५ चा कॅमेरा टाकावा. पण प्लीहा वाढलेली असेल किंवा तिथंच आधी ऑपरेशन झालं असेल तर तेही नको. म्हणजे सुई लागतेच, फक्त सगळ्यांना एकच पद्धत नको.

ऑप्टिकल ट्रोकार, म्हणजे पारदर्शक टोकातून कॅमेरा बघत बघत थर ओलांडायचे, जाड माणसात फार छान. पण त्याला ० डिग्रीचा टेलिस्कोप लागतो आणि आपल्याकडं बहुतेक ठिकाणी एकच ३० डिग्रीचा असतो, तो तिरका बघतो, मग पैसे टाकून उपयोग काय. एकाच भोकातून सगळं करायच्या पोर्टबद्दल विचारूच नका, चीर मोठी, सामान वेगळं, आणि पहिल्या दोन वर्षांत तर अजिबात नको.

तर उदगीरच्या सरांना मी काय सांगितलं ते लिहितो. पूर्ण स्टीलचे, हातानं खोलणारे १० चे तीन, ५ चे चार, म्हणजे एक पडला तरी केस अडत नाही. एक हॅसनचा. व्हेरेसच्या दोन सुया, एक नेहमीची आणि एक लांब. वॉशरची दोन पाकिटं त्याच बिलात. आणि डिस्पोजेबल फक्त जाड रुग्णासाठी दोन, वापरले की फोडून टाकायचे. उरलेल्या पैशात ऑटोक्लेव्ह. ते म्हणले फॉर्मलिनची पेटी (फॉर्मलिनच्या वाफेत सामान ठेवायची) आहे की. म्हणलं सर, ती पेटी आधी ओटीच्या बाहेर काढा, मग आपण ट्रोकारचं बोलू. गेल्या सोमवारी फोन आला, ऑटोक्लेव्ह बसलाय, आता पाण्याच्या फिल्टरचं कोटेशन पाठव म्हणाले.