केमो की गोळी? आधी ब्लॉकचा रिपोर्ट येऊ द्या

फुफ्फुसाच्या बायोप्सीत ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ हा कॅन्सर आला, रोग फुफ्फुसाबाहेर गेलेला दिसला, की घरात वाद सुरू होतो: केमो घ्यायची की ती रोजची गोळी? मामीच्या वेळी आम्ही सगळे गोळीच्या बाजूने. सलाईनची कटकट नको, केस जायला नकोत. मामीने जन्मात सिगारेट ओढलेली नाही, आणि थुंकीत जंतू न सापडताही आधी चार महिने टीबीची औषधं होऊन गेलेली.

पण ही आवडीनिवडीची गोष्टच नाही. गोळी चालते ती गाठीत ईजीएफआर, एएलके असा जनुकीय बदल असेल तरच. २००९च्या आयपास अभ्यासात ईजीएफआरचा बदल असलेल्यांना जेफिटिनिब ही गोळी केमोपेक्षा सरस ठरली. बदल नसलेल्यांना तीच गोळी केमोपेक्षा वाईट. (फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या स्मॉल सेल या दुसऱ्या प्रकारात हा वादच नाही, तिथे केमो लगेच लागते.)

हा बदल शोधतात तो पॅराफिन ब्लॉकमधून. मेणाची छोटी वडी, आत तांदळाच्या कणीएवढा तुकडा. मामांनी तो शर्टाच्या खिशातून दुसऱ्या लॅबमध्ये नेला, वाटेत दहा वेळा खिसा चाचपत. तुकडा अपुरा पडला तर रक्तावरही तपासणी होते, मात्र तिथे काही सापडलं नाही म्हणून बदल नाहीच असं धरू नका.

त्रासाचं म्हणाल तर पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही केमो दर २१ दिवसांनी असते. थकवा, मळमळ, रक्तपेशी घटणं हे आलंच. केस बहुधा विरळ होतात, पूर्ण जात नाहीत. आठवडाभर आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२चं इंजेक्शन मात्र चुकवायचं नाही. गोळीही काही गुळाची नाही. चेहऱ्यावर पुरळ, जुलाब, आणि नखुरडी अशी की मामीला कणीक मळवेना. जेफिटिनिबबरोबर अ‍ॅसिडिटीची गोळी परस्पर घेऊ नका, असर कमी होतो. शिवाय बहुतेकांत कधी ना कधी रोग गोळीला दाद देईनासा होतो. ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरचीच नवी गोळी जास्त काळ टिकते, पण महाग.

दोन्ही एकत्र? मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या, २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेफिटिनिबला केमोची जोड दिल्यावर रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६वर गेला. गंभीर दुष्परिणामही दुप्पट झाले. अंगात ताकद असलेल्या पेशंटसाठी मी हा पर्याय आवर्जून विचारेन.

रिपोर्टला दोनेक आठवडे लागतात. तेवढा धीर धरण्यासारखी तब्येत नसेल, धाप वाढत असेल, तर डॉक्टर केमोचं पहिलं सायकल देऊन टाकतात. तेव्हा एवढंच विचारा: सोबत इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चेतवणारं औषध) आहे का? रिपोर्टआधी ती दिली आणि नंतर ओसिमर्टिनिब सुरू करावी लागली, तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो.