बेंड पाईपवर ऑटोसोल : आठ महिन्यांनंतर

गाडी म्हणजे ३५० सीसीची मोटरसायकल. बेंड पाईप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाईप, नंतर बसवून घेतलेला, लेप नसलेल्या स्टेनलेस स्टीलचा. दिवाळीत ऑटोसोलची, म्हणजे धातू चमकवायच्या पेस्टची, ७५ मिलीची ट्यूब घेतली. अजून अर्धी आहे, म्हणजे लागते किती थोडी ते समजा.

त्याआधी मी एक शहाणपणा करून बसलो होतो. पातालपाणीहून येताना पाईपवर उडालेला चिखल तिथेच भाजला गेला, तो काढायला इंदूरच्या सियागंजातून स्टील वूल आणलं. लखलखीत निघालं हो! आठवड्याने पाऊस पडला आणि तांबूस ठिपके उठले. पाईप गंजला नव्हता, वूलच्या लोखंडाचे कण रुतून बसले होते ते गंजले. आई म्हणे पीतांबरी लाव, पण ती तांब्यापितळेची. एका मेकॅनिकने संडासाचं ॲसिड सुचवलं. ते चुकूनही नको, त्यातल्या क्लोराईडने स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात. लिंबू-मिठातलं मीठही त्याच जातीचं.

आता पद्धत अशी : गाडी पूर्ण गार, पाईप साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा. वितभर भागाला वाटाण्याएवढी पेस्ट. जुन्या बनियनची लांब पट्टी पाईपमागून घालून, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी दोन्ही हातांनी ओढायची. चिंधी काळी झाली की पेस्ट काम करते आहे. ठिपके आणि तपकिरी डाग अर्ध्या तासात गेले. इंजिनाजवळच्या वळणावरचा निळा रंग मात्र तीनदा घासूनही पुसट राहिलाच.

आणि असा रंग घासला तरी परत येतो, हे ट्यूबवर कुणी लिहीत नाही. मांडूला जाऊन आलो, पिवळसर झाक हजर. तो मळ नव्हेच. स्टील तापलं की वरचा ऑक्साईडचा थर जाड होतो आणि साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसतात : ३०० अंशांच्या आसपास पिवळट, आणखी तापलं की तपकिरी, जांभळा, निळा. दर महिन्याला तो घासत बसणं मी सोडलं. सोनेरी झाक मला आता आवडते सुद्धा. पेस्ट फक्त चिखलाच्या आणि बुटाच्या रबराच्या डागांपुरती.

घासल्यावर पाईपला बोट लावू नका. थिनरच्या फडक्याने पुसा, मगच गाडी सुरू करा. माझ्या अंगठ्याचा ठसा भाजून पक्का झालाय, डाव्या बाजूला, अगदी रेषांसकट.