बायपॅपचा मास्क: नाकाचा, नाक-तोंडाचा की पूर्ण चेहऱ्याचा?

बायपॅप म्हणजे मास्कवाटे दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन. ते भाड्याने आणता येतं. मास्क मात्र रुग्णाचा स्वतःचाच हवा. हा मास्क बहुधा घाईत घेतला जातो: डिस्चार्जच्या दिवशी, काउंटरवर उभं राहून आणि रुग्ण सोबत नसताना. ‘नेझल देऊ की फुल फेस?’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. रुग्ण झोपेत तोंड मिटून श्वास घेतो का? आणि मास्क त्याला स्वतःच्या हाताने काढता येतो का?

नावांचा एक घोळ आधी मिटवू. ‘नेझल’ म्हणजे नुसता नाकाचा. दुकानात ‘फुल फेस’ म्हणतात तो फक्त नाक आणि तोंड झाकतो. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा झाकणारा तो ‘टोटल फेस’.

सीओपीडीचा (फुप्फुसातल्या श्वासमार्गांच्या जुनाट आजाराचा) रुग्ण धापा टाकत दाखल झाला आहे, एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ मिलिमीटर पाऱ्याच्या वर आहे, अशा वेळी फुल फेसच लावावा. धाप लागलेला माणूस तोंडाने श्वास घेतो. त्याला नाकाचा मास्क लावला तर मशीनचा दाब तोंडावाटे निघून जातो आणि फुप्फुसापर्यंत पोहोचतच नाही. फुल फेसची किंमत मात्र मोजावी लागते: पाणी प्यायचं, कफ थुंकायचा, बोलायचं तर तो काढावा लागतो. उलटी झाली तर ती आतच अडकते आणि श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून गुंगीत किंवा भ्रमात असलेल्या रुग्णाला फुल फेस लावून एकटं सोडू नये, हात तर बांधूच नयेत.

घरी महिनोन् महिने रात्री लावायचा असेल तर पारडं फिरतं. लठ्ठपणामुळे श्वास मंदावणारे, पाठीला बाक असलेले, स्नायूंच्या आजाराचे रुग्ण स्थिर असतील आणि नाक मोकळं असेल, तर आमचा कौल नाकाच्या मास्कला. हातात ताकद नसलेल्याला तो जास्त सुरक्षित, कारण मशीन बंद पडलं तरी तोंड मोकळं असतं. सकाळी तोंड कोरडं ठणठणीत पडत असेल तर रात्री तोंड उघडं राहतंय असं समजा. हनुवटीचा पट्टा लावून बघा, पण त्यावर फार भिस्त नको; लीक (हवेची गळती) कमी झालं नाही तर फुल फेसकडे वळा. नाकपुड्यांत बसणाऱ्या पिलोज (छोट्या मऊ उशा) सीपॅपला, म्हणजे एकच स्थिर दाब देणाऱ्या मशीनला, छान; पण बायपॅपचा दाब पाण्याच्या २० सेंटीमीटरच्या आसपास गेला की त्या टोचतात आणि सुटतात.

टोटल फेस मुख्यतः नाकाच्या हाडावर जखम झालेल्यांसाठी. त्याची कड कपाळावर आणि हनुवटीवर टेकते. डोळे कोरडे पडतात, काहींना कोंडल्यासारखं होतं. सगळं डोकं झाकणारं हेल्मेट आयसीयूपुरतंच, घरच्या मशीनला ते जोडायचं नाही.

प्रकार चुकला तर त्रास होतो, पण छिद्रांचा हिशेब चुकला तर जीवावर बेततं. घरच्या बायपॅपला एकच नळी असते. उच्छ्वास बाहेर पडायला मास्कवर किंवा नळीवर छिद्रं हवीतच; ती नसली तर रुग्ण आपलाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढतो आणि सुस्तावत जातो. आयसीयूच्या दोन नळ्यांच्या व्हेंटिलेटरला लागतो बिनछिद्राचा मास्क. त्याचा एल्बो (मास्क आणि नळी जोडणारा वाकडा तुकडा) बऱ्याच कंपन्यांत निळा असतो. वॉर्डातला तो मास्क ‘चांगला आहे, घेऊन जा’ म्हणून घरी आणू नये. मशीन चालू करून छिद्रांसमोर हात धरा. हवेचा झोत लागलाच पाहिजे. तो झोत डोळ्यावर येतो म्हणून छिद्रांवर चिकटपट्टी लावणारे नातेवाईकही असतात. असं कधीही करू नका. ईपॅपही (श्वास सोडतानाचा दाब) ४ सेंटीमीटरच्या खाली नको, नाहीतर छिद्रं असूनही नळीतला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर जात नाही. घरच्या फुल फेसमध्ये एक पाकळीची झडप असते. वीज गेली की ती उघडून खोलीतली हवा आत येते. कफाने ती चिकटली आहे का, हे रोज पाहायचं.

माप घेताना फुल फेस तोंड किंचित उघडं ठेवून, नाकाच्या मुळापासून खालच्या ओठाखालपर्यंत मोजतात. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. मोठा मास्क हलतो आणि मग पट्टे आवळले जातात. पट्टे बसून नाही, आडवं होऊन, मशीन चालू असताना लावायचे. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. थोडं लीक चालतं, मशीन ते भरून काढतं. पट्टे करकचून आवळले तर मात्र काही तासांत नाकावर लाल वळ उठतो. सुरुवातीचे दिवस दर दोन-चार तासांनी कातडी बघा आणि वळ दिसण्याआधीच हायड्रोकोलॉइडची (कातडी जपणारी मऊ, चिकट) पट्टी लावा.

आपल्याकडची लीकची कारणं पुस्तकात क्वचितच सापडतात. आजींच्या नाकातली चमकी काढावी लागते. अंबाडा मागच्या पट्ट्याला वर ढकलतो, त्यापेक्षा सैल वेणी बरी. डोक्याला आणि चेहऱ्याला चोपडलेल्या तेलाने सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराब होतं. झुपकेदार मिशी फुल फेसला फारशी नडत नाही, दाढी नडते. रुग्ण शुद्धीत असेल आणि कवळी घट्ट बसत असेल तर ती काढू नका. गाल आत गेले की कोणताच मास्क बसत नाही. पेसमेकर असेल तर चुंबकी क्लिपचा मास्क घेऊच नका.

हिवाळ्यात निफाड-दिंडोरीकडे पारा १० अंशांखाली जातो. तेव्हा ह्युमिडिफायरच्या (हवा ओलसर करणाऱ्या भांड्याच्या) वाफेचं नळीत पाणी होतं, नळीत गुडगुड आवाज येतो आणि मध्येच गार पाणी नाकावर येतं. नळीला लोकरी कापड गुंडाळा, मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा.

दुकानातून निघण्याआधी विचारा: या मास्कची नुसती उशी (चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग) वेगळी मिळते का, आणि माप बसलं नाही तर बदलून देणार का? दोन्हींना ‘नाही’ असेल तर पुढचं दुकान बघा.